वाचक विचारतात: लोफोटेनला जायचंय, पण कधी आणि कुठल्या गावात?

मागच्या अंकात नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांचा एक फोटो छापला होता, पाण्यात खांबांवर उभ्या लाल लाकडी खोल्या आणि मागे सरळ उभा डोंगर, खाली जेमतेम दोन ओळी. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, ज्या प्रश्नांमध्ये बाकीच्यांचेही प्रश्न येतात ते घेतलेत. आणि एक आधीच सांगून टाकते, माझं मत एकांगी आहे, ते पहिल्याच उत्तरात कळेल.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं रिटायर्ड आहोत. जूनच्या शेवटी मुलाकडे जर्मनीत असू, तिथून चार-पाच दिवस काढून लोफोटेनमधलं एखादं छोटं मच्छीमारांचं गाव निवांत बघायचंय. गर्दी नको. कुठलं गाव घ्यावं? आणि नॉर्दर्न लाइट्स दिसतील ना?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही दिसणार. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही, आणि आकाश काळोखं झाल्याशिवाय ते हिरवे पडदे दिसत नाहीत. साधारण सप्टेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा सीझन. जूनमध्ये तुम्हाला मध्यरात्रीचा सूर्य मिळेल, तोही काही कमी नाही, फक्त झोपायला डोळ्यांवर पट्टी न्या.

आता गर्दी. जून-जुलै म्हणजे तिथला पीक सीझन. रेइने नावाचं गाव तुम्ही फोटोत पाहिलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी, कारण लोफोटेन म्हटलं की निम्मे फोटो तिथलेच असतात. ते ज्या मोस्केनेस नगरपालिकेत येतं तिथली अख्खी वस्ती हजाराच्या आसपास, आणि उन्हाळ्यात त्याच एका रस्त्यावर कॅम्पर व्हॅनची रांग. नूसफ्योर्ड फार देखणं आहे, 1975 च्या युरोपियन वास्तुवारसा वर्षात नॉर्वेनं नमुना म्हणून जी ठिकाणं निवडली त्यातलं एक, पण आता ते बरंचसं जपून ठेवलेलं गाव आहे, उन्हाळ्यात आत शिरायला तिकीट लागतं. ई-10 हा हायवे जिथे संपतो ते ओ नावाचं गाव, तिथे गावच म्युझियम झालंय, जुनी बोटघरं, कॉड लिव्हर ऑइल काढायची जागा, 1844 ची बेकरी, आणि त्या बेकरीतले दालचिनीचे बन खाल्ल्याशिवाय कोणी परत येत नाही. उन्हाळ्यात तिथे घरांच्या भिंतींवर, खिडक्यांच्या पट्टीवर किटिवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात आणि दिवसरात्र नुसता कलकलाट, अंधारच होत नाही तर ते तरी गप्प कधी बसणार.

मला विचाराल तर मुक्काम सोर्वोगेनला करा. ओ पासून अगदी जवळ, फेरीबोटीचा धक्का शेजारच्या मोस्केनेसला, आणि दिसायला साधं गाव आहे म्हणून लोक गाडी न थांबवता पुढे निघून जातात. गंमत म्हणजे इतिहास याच साध्या गावाकडे आहे. कॉड मासा कुठे आलाय, कुठल्या बंदरात भाव काय, हे होड्यांना आणि व्यापाऱ्यांना लगेच कळावं म्हणून 1861 मध्येच या बेटांवर तारेची लाइन टाकली होती, आणि 1906 मध्ये सोर्वोगेनहून समुद्रातल्या रोस्त बेटाशी बिनतारी संदेश सुरू झाले. एका माशासाठी एवढा खटाटोप, यावरून त्या माशाची किंमत कळते.

आणि इथेच माझं एकांगी मत. जूनमध्ये तुम्हाला गाव दिसेल, मासेमारी नाही दिसणार. मासा जानेवारी ते एप्रिल येतो. तारखा पुढे-मागे करता येत असतील तर मार्च धरा. दिवस बारा तासांचा झालेला असतो, रात्र पुरेशी काळोखी असते त्यामुळे तुमचे नॉर्दर्न लाइट्सही (आकाश मोकळं असेल तर) दिसू शकतात, आणि धक्का जिवंत असतो. थंडीची भीती वाटत असेल तर आर्क्टिक सर्कलच्या वर असूनही तिथलं मार्चचं तापमान शून्याच्या आसपासच असतं, गरम समुद्रप्रवाहामुळे. त्रास थंडीचा नाही, वाऱ्याचा आहे. पाऊस आडवा येतो. छत्री घरीच ठेवा.

प्रश्न: आमच्याकडे बोंबील वलांडीवर सुकत घालतात. तुमच्या फोटोत मागे तसंच काहीतरी लाकडाचं दिसलं. ते लोक पण मासे असेच सुकवतात का? मीठ लावतात का? पावसात काय करतात, आणि माश्या नाही बसत का? आमचे तर पावसाचं चिन्ह दिसलं की धावपळ.
(एक वाचक, सातपाटी)

उत्तर: दादा, हा प्रश्न आला आणि मी खूश झाले, कारण बाकी सगळ्यांनी फोटोतल्या खोल्या पाहिल्या आणि तुम्ही मागचा मांडव पाहिलात.

हो, वलांडीच समजा, फक्त खूप मोठी, जाड लाकडी बल्ल्यांची, काही सपाट, काही तंबूसारख्या उतरत्या. आणि तुमच्या बोंबलासारखंच मीठ अजिबात नाही. फरक असा की तुमचं काम ऊन करतं आणि त्यांचं काम गार वारा. मासा म्हणजे कॉड, पण साधा कॉड नाही, वरच्या बॅरेंट्स समुद्रात वाढलेला, अंडी घालायला दरवर्षी शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेनच्या आतल्या बाजूच्या खाडीत येतो, त्याला तिथे स्क्रेइ म्हणतात. पकडला की त्याच दिवशी पोट साफ, डोकं वेगळं, मग दोन-दोन मासे शेपटीला दोरीनं बांधायचे आणि जोडी बल्लीवर टाकायची, एक इकडे एक तिकडे. फेब्रुवारी-मार्चपासून टांगलेले मासे मेच्या शेवटी, जूनमध्ये उतरवतात, आणि नंतर आत गोदामात आणखी काही महिने मुरायला. शेवटी वजन ताज्याच्या साधारण पाचवा भाग उरतं आणि मासा लाकडासारखा होतो, एकमेकांवर आपटला तर ठक्क आवाज येतो.

माश्यांचं उत्तर सोपंय, तेव्हा माश्या नसतातच. त्यांचा सीझन सुरू होईपर्यंत माशाची वरची साल सुकून घट्ट झालेली असते. कावळे आणि सीगल मात्र असतात, म्हणून काही मांडवांवर जाळी टाकतात. पावसाला ते तुमच्याएवढं घाबरत नाहीत, थोडा भिजला तरी वारा लगेच सुकवतो, पण पाऊस आणि उबदार हवा सलग राहिली तर मासा खराब होतो. आणि उलट बाजूनं, सुरुवातीलाच कडक गोठवणारी थंडी पडली तर आतलं पाणी बर्फ होऊन मांस फाटतं, स्पंजासारखं भुसभुशीत होतं, त्या मालाला भाव नाही. म्हणजे ना फार गार ना फार गरम, शून्याच्या थोडं वर-खाली, वर सतत खारा वारा, असं हवामान नेमकं मासा येतो त्याच महिन्यांत त्या बेटांवर असतं. यात कोणाची हुशारी नाही, नशीब आहे, हुशारी एवढीच की हजार वर्षांपूर्वीच त्यांनी ते ओळखलं आणि धंदा उभा केला. नॉर्वेचा राजा ओइस्टाइननं 1120 च्या सुमारास लोफोटेनमधल्या काबेलवोगला बाहेरून येणाऱ्या मच्छीमारांसाठी खोल्या बांधून दिल्या, त्याच रोरबू. आज ज्यात टुरिस्ट राहतात त्या खोल्यांची पणजी.

पुढचं तुम्हाला जास्त आवडेल. सुकलेला माल प्रतवारी करणाऱ्या माणसाच्या हातातून जातो. तो एकेक मासा उचलतो, उजेडाला धरतो, पोटाच्या आत बघतो, वास घेतो आणि ज्या त्या ढिगात फेकतो, बघणाऱ्याला कळतही नाही कशावरून ठरवलं. प्रती वीसेक. चांगला माल इटलीला जातो. का इटलीला, तर त्याची गोष्ट अशी, 1431 मध्ये पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा सरदार क्रीटहून वाइन भरलेलं जहाज घेऊन फ्लँडर्सकडे (आजच्या बेल्जियमच्या बाजूला) निघाला, वादळात जहाज गेलं, बहुतेक माणसं गेली, आणि उरलेले लोक 1432 च्या जानेवारीत रोस्तजवळच्या एका ओसाड बेटावर लागले. रोस्तच्या मच्छीमारांनी त्यांना घरी नेलं, वसंतापर्यंत सांभाळलं, आणि निघताना सोबत सुका मासा दिला. व्हेनिसमध्ये आज जो कुटून लोण्यासारखा केलेला सुका कॉड पोळेंटाबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला प्रकार) खातात त्याचं मूळ तिथले लोक या गोष्टीत सांगतात. व्यापार नॉर्वेतल्या बर्गन बंदरामार्गे आधीपासून होताच, पण क्वेरिनीनं लिहून ठेवलं म्हणून नाव त्याचं राहिलं.

डोकीही टाकत नाहीत. दोरीत ओवून वेगळी टांगतात आणि ती नायजेरियाला जातात, तिथे सूप-रश्श्यात पडतात. बोंबलाचं डोकं आपण ताटात बाजूला काढतो तसं तिथे नाही.

धंद्याची काळजी मात्र तुमच्यासारखीच. कॉडचा कोटा नॉर्वे आणि रशिया मिळून ठरवतात आणि तो कमी होत चाललाय, 2025 साठी 3 लाख 40 हजार टन ठरला, तेव्हा तो 1991 नंतरचा सगळ्यात कमी होता. त्यामुळे आता गेलात तर काही मांडव अर्धे रिकामे दिसतील, ते सीझन संपल्यामुळे असेलच असं नाही.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मिस्टरांना फोटोग्राफीसाठी जायचंच आहे. आठवडाभर मी खाऊ काय? आणि वास सहन होईल का?
(एक वाचिका, नाशिक)

उत्तर: वासाचं खरं सांगते. मार्च-एप्रिलमध्ये मांडव भरलेले असतात तेव्हा वारा तुमच्याकडे असेल तर वास येणार. सडल्याचा नसतो, खारा सुक्या माशाचा असतो, पण शाकाहारी माणसाला हा फरक सांगून काय उपयोग. बुकिंग करताना मांडवापासून लांबची खोली मागा आणि मालकाला कारण सांगा, ते हसतील पण देतील.

खाण्याचं सोपं आहे कारण रोरबूत किचन असतंच. हॉटेलात जेवायचं ठरवलंत तर हाल आहेत, छोट्या गावात सीझन नसेल तर एखादंच चालू असतं, त्यात फिश सूप, अर्धा सुकवलेला कॉड, कधी व्हेलसुद्धा, आणि शाकाहारी म्हणून एक सूप किंवा पिझ्झा, किंमत बघून भूक जाते. क्रोनचे (तिथलं चलन) रुपये करून बघा आणि मग मेनू वाचूच नका. रेमा किंवा कूपसारख्या सुपरमार्केटात बटाटे, कोबी, गाजर, ब्रेड, दूध, दही सगळं मिळतं, तपकिरी रंगाचं गोडसर चीज मिळतं ते ब्रेडवर एकदा खाऊन बघा, काहींना खव्याची आठवण येते. पण दुकान प्रत्येक गावात नाही आणि रविवारी बहुतेक बंद, त्यामुळे शनिवारी दुपारीच भरून ठेवा.

घरून मेतकूट, भाजणी, मसाले, डाळ-तांदूळ, पोहे न्या. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका, युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून टाकतात. बटाटेही नेऊ नका, (हो, लोक नेतात). आणि फोडणी देताना आधी एक्झॉस्ट चालू करा, खिडकी उघडा, मगच मोहरी टाका. सगळी घरं लाकडी, शेजारी चिकटलेली, त्यामुळे स्मोक अलार्म फार तिखट असतात, हिंग-मिरचीच्या धुरानं वाजायला सेकंद लागत नाही आणि मग अख्खा धक्का तुमच्या खिडकीकडे बघतो.

प्रश्न: आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला असं गाव बोअर होईल का? तिथे मुलांसाठी काही आहे का?
(एक पालक, कोल्हापूर)

उत्तर: वॉटर पार्क वगैरे नाही. पण मार्चमध्ये नेलात तर त्याला त्याच्याच वयाची मुलं कामावर दिसतील, आणि ते तो विसरणार नाही.

कॉडची जीभ तिथे डेलिकसी आहे, आणि ती कापायचं काम परंपरेनं गावातल्या मुलांचं. शाळा सुटली की मुलं रबरी बूट, ढगळ पिवळी-नारिंगी रेनकोट पँट चढवून माशाच्या शेडमध्ये येतात. टेबलाला उभा लोखंडी टोकदार खिळा असतो, त्यावर कॉडचं डोकं दाबून बसवायचं, एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातातल्या सुरीनं जीभ कापायची, डोकं पुढच्या टबात, की लगेच दुसरं डोकं. बोलत, गाणी लावून, भराभरा. जिभा किलोवर विकतात आणि पैसे मुलांचे. सीझनभरात काही मुलं इतके कमावतात की आपल्याकडच्या फ्रेशरला वाईट वाटावं. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात एवढी धारदार सुरी बघून आपल्या आयांचा जीव वर-खाली होतो, माझाही झाला, पण तिथल्या आया बाजूला उभ्याही नव्हत्या.

शेडमध्ये सरळ घुसू नका. दारात उभं राहून विचारा, हो म्हणाले तर आत जा, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय नको. फुटबॉलवाला असेल तर हेनिंग्सवेर गावाचं मैदान दाखवा, समुद्रातल्या खडकावर बांधलेलं, तीन बाजूंनी पाणी आणि कडेनं माशाचे मांडव. रेइनेब्रिंगेन हा 448 मीटरचा डोंगर उन्हाळ्यात जमेल, वर जायला नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्यात, दीड हजारांहून जास्त. मार्चमध्ये मात्र अजिबात नाही. बर्फ असतो, हिमकडे कोसळतात, तेव्हा तो ट्रेक मुलासाठीही नाही आणि मोठ्यांसाठीही नाही.

प्रश्न: मी स्टॉकहोमला असतो, आई-बाबा येणार आहेत. गाडीनं जावं का विमानानं? आई-बाबांना फार दगदग नको.
(एक वाचक, सध्या स्वीडन)

उत्तर: तुम्हाला तर सगळ्यात मस्त ऑप्शन आहे, स्टॉकहोमहून नॉर्वेतल्या नार्विकला जाणारी रात्रीची ट्रेन. आई-बाबा झोपून जातील, सकाळी खिडकीत लॅपलंड. नार्विकहून पुढे बस किंवा भाड्याची गाडी. ई-10 तसा तुमच्या स्वीडनमधल्या लुलेओपासूनच सुरू होतो आणि ओ गावात संपतो, आणि 2007 च्या शेवटी नवा भाग उघडल्यापासून मध्ये फेरी लागत नाही. पण स्टॉकहोमपासून स्वतः चालवत नेऊ नका, हिवाळ्यात तर नकोच. बेटांवर पोचल्यावरही स्वोल्वेर या तिथल्या मोठ्या गावापासून ओ सुमारे 130 किलोमीटर आहे, मॅप दोन-सव्वादोन तास सांगतो, त्यावर विसंबू नका, रस्ता अरुंद, बोगदे, वारा, आणि दर वळणावर बाबा म्हणणार थांब जरा.

विमान हवं असेल तर ओस्लोहून बोडो शहर, तिथून लेक्नेस किंवा स्वोल्वेरला छोटं विमान, वाऱ्यानं कॅन्सल होण्याची तयारी ठेवून. किंवा बोडोहून मोस्केनेसची फेरी, तीन-चार तास. समोरून लोफोटेनची भिंत समुद्रातून वर येताना दिसते ती या फेरीवरूनच, पण हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आईला बोट लागत असेल तर तो नाद सोडा.

प्रश्न: ड्रोन नेऊ का? आणि टेंट कुठेही लावता येतो म्हणतात ते खरं का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: ड्रोन: विमानतळांजवळ बंदी आहे आणि बेटांवर छोटे विमानतळ बरेच आहेत, आधी नियम बघा. नियमात बसलं तरी घरांवरून, पक्ष्यांच्या घरट्यांवरून, काम चाललेल्या धक्क्यावरून उडवू नका.

टेंट: 1957 च्या कायद्यानं मोकळ्या, लागवड नसलेल्या जमिनीवर कोणालाही राहायचा हक्क आहे, पण राहत्या घरापासून किमान 150 मीटर लांब आणि एका जागी दोन रात्री. मोस्केनेससारख्या ठिकाणी काही जागांवर कॅम्पिंगला पूर्ण बंदीचे बोर्ड लागलेत, आणि ते का लागले हे तिथल्या पार्किंगमागचा कचरा बघून कळतं. 2025 मध्ये नॉर्वेच्या संसदेनं गर्दीच्या नगरपालिकांना मुक्कामावर 3 टक्के टुरिस्ट टॅक्स लावायची परवानगी दिली, तीही याच वैतागातून. आणि माशाच्या मांडवाखाली टेंट लावू नका, तिथे रील शूट करायला मासे हलवू नका, ते लोकांच्या ताटात जाणारं अन्न आहे.

प्रश्न: दिवसभर थंडीत फिरल्यावर संध्याकाळी बियर मिळेल ना?
(एक वाचक, नाव छापू नका म्हणाले)

उत्तर: मिळेल, पण सुपरमार्केटात आठवड्यात रात्री आठपर्यंत आणि शनिवारी सहापर्यंतच, त्यानंतर फ्रीजवर पडदा. काही ठिकाणी त्याआधीच. रविवारी नाही. वाइन आणि त्यावरचं सगळं फक्त सरकारी दुकानात, आणि ते दुकान तुमच्या गावात नसणार, लेक्नेस किंवा स्वोल्वेरला जाताना उरकून घ्या.